गिलक्याचं बी आणायला कळवणला

८ जून, रविवार. सकाळच्या एसटीने नाशिकहून कळवणला गेलो, संध्याकाळी परत आलो. पिशवीत एक वाळलेलं गिलकं, म्हणजे घोसाळं, होतं.

आमच्या कुंपणाच्या भिंतीवर माझ्या बायकोचा, मंगलचा, गिलक्याचा वेल असायचा. ती हिवाळ्यात गेली. मागोमाग वेलही वाळला. घरात बी कुठे सापडलं नाही, म्हणून आदल्या दिवशी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या बियाण्यांच्या दुकानात गेलो होतो.

"हायब्रीड देऊ की सुधारित?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"हायब्रीडला फळ भरपूर. पण त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. सुधारितचं बी धरता येतं."

"आणि गावठी?"

"ते दुकानात नसतं काका. ते नातेवाइकांत असतं."

(पाकीट घेणारच असाल तर मागची मुदत वाचा. गुलाबी-निळ्या बियांना औषध लावलेलं असतं, हाताळल्यावर हात धुवा.)

मंगलचं माहेर कळवणच्या पुढे आहे. दिंडोरी-वणीमार्गे अडीच-तीन तास लागतात, तिकीट दोनशेच्या आत. वणीला गरम भजी खाल्ली. मिरच्या जास्त, कांदा कमी, तरी पुन्हा घेतली. कळवणहून गावापर्यंत रिक्षा मिळते.

मेहुण्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. दुकानातली गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "पाकिटावरचा फोटो पाहून बी घेत होते का, दाजी?"

"मंगलला फोटो पाहूनच पसंत केलं होतं."

"मंग? फसले का?"

"नाही."

दोघंही हसलो. जेवायला बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा होता.

पडवीत वर एक वाळलेलं गिलकं टांगलेलं होतं, देठाला लाल चिंधी. "बियाण्याला ठेवायचं त्याला वेलावरच चिंधी बांधतो," वहिनी म्हणाल्या, "न्हायतर कुणीतरी तोडून भाजी करतं."

"म्हणजे हे तुमच्या घरचं जुनं बी."

"कुठलं आमचं! आमचा वेल मागंच जळून गेला. मंगलनंच नाशिकवरून बी आणून दिलं. हे तुमच्याच भिंतीचं हाय, दाजी."

त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. हलवलं तर आत बिया खुळखुळल्या.

"सगळ्या लावू नका बरं. थोड्या डब्यात ठेवा. आमचा वेल गेला तर आम्ही कुणाकडं यायचं?"

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवरच ठेवली. गावठी बी हवं असेल, तर दुकानाआधी नातेवाइकांकडे विचारून पाहा. जेवणही मिळतं.

घरी आल्यावर काही बिया भिजत घातल्या, उरलेल्या डब्यात ठेवल्या. मग जुन्या अभ्र्याची एक चिंधी फाडली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली.