चष्मेवाल्याने लावलेला फोकस

चष्मेवाल्याला माणसांच्या डोळ्यांविषयी काडीचा आदर नव्हता. बत्तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांच्या हनुवट्या टेकवून घेतल्यावर त्याचं ठाम मत झालं होतं, की लोकांना दिसत काहीच नाही, नुसते डोळे उघडे ठेवून धडपडत असतात. सख्खी बायकोही यातून सुटली नव्हती. आणि पक्षी बघायला ज्यांच्याबरोबर तो जायचा ते दोघे मित्र तर त्याच्या लेखी आंधळ्या कोशिंबिरीतले कायमचे भिडू.

पहिला बेकरीवाला. समुद्र दिसला की त्याला भूक लागे, आणि पंख असलेलं सगळंच त्याला कबुतर वाटे. दुसरा हेडक्लार्क, निवृत्तीला चार वर्षं झाली तरी खिशाला तीन रंगांची पेनं लावून हिंडणारा. पक्ष्यांची नोंदवही त्याच्या ताब्यात. खाडीवर येणारे सगळे हिवाळी पाहुणे तिच्यात येऊन गेले होते. राहिला होता एकटा चमच्या चोचीचा तुतवार. चिमणीएवढा जीव, चोचीचं टोक चमच्यासारखं चपटं. अकरा हिवाळे हेडक्लार्कने त्याच्यापायी जिवाचं रान केलं होतं. नियमही त्याचाच: तिघांनी आळीपाळीने बघायचं, तिघांनी सह्या करायच्या. एक सही कमी, की पक्षी रद्द.

या हिवाळ्यात तो आल्याची खबर लागली आणि तिघे बेकरीच्या गाडीतून पहाटेच निघाले. चष्मेवाल्याने आपली नवी मोठी दुर्बीण तिकाटण्यावर चढवली, फोकस लावला आणि फोकसच्या चक्रावर चिकटपट्टी मारली.

"याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "दोघांचे चष्मे मी केलेत. नंबर बरोबर असेल तर मला दिसेल तेच तुम्हाला दिसणार."

'नंबर बरोबर असेल तर' हे आपलं बोलायची पद्धत म्हणून. आपला नंबर चुकू शकतो, ही कल्पना त्याच्या डोक्याला कधी शिवली नव्हती.

ओहोटीच्या चिखलात शेकडो पक्षी टोचे मारत होते. वारा कान कापत होता. बेकरीवाल्याने पावांची पिशवी निम्मी केली तेव्हा कुठे चष्मेवाल्याला तो सापडला. चोच आडवी, चमचा स्पष्ट. बेकरीवाल्याने डोळा लावला, चमचा आहे खरा म्हणाला, वहीवर सहीबरोबर पावाचा चुराही ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

मग हेडक्लार्क. टोपी काढून, साहेबापुढे उभा राहावा तसा उभा राहिला. बराच वेळ बघितलं आणि घडाघडा सांगू लागला: पाठ करडी, पोट पांढरं, चोच काळी, आणि आता चमचा चिखलात डावी-उजवीकडे फिरवतोय. सांगता सांगता पेनही निघालं.

चष्मेवाल्याने सहज डोळा लावला. पक्षी एका पायावर उभा, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ढिम्म.

एरवी त्याने चारचौघांत धिंडवडे काढले असते. पण नंबर त्याचा होता.

"गेल्या महिन्यात माझा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचलास तो कसा?"

हेडक्लार्कने पेन पुन्हा खिशाला लावलं. मग म्हणाला, "रोज तुझ्या दुकानात चहाला त्या तक्त्यासमोरच बसतो की रे. पाठ होता. तपासणी म्हटली की तयारी करून जायचं, सवय आहे."

"आणि भिंगं? ही चांगली की ती, विचारलं तेव्हा?"

"तुला कोणती हवीय ते तुझ्या आवाजावरून कळायचं."

चष्मेवाल्याचा चेहरा भजं तेलात पडावं तसा फुलला आणि काळवंडला. याच गाढवाचं उदाहरण देऊन तो महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होता, की नजर असावी तर अशी. घोकंपट्टीने त्याच्या बत्तीस वर्षांना मामा बनवलं होतं. आणि या बावळटाला अकरा वर्षांनी समोर आलेला पक्षीही पुस्तकातूनच बघावा लागत होता.

त्याने नखाने चिकटपट्टी खरवडून काढली.

"फिरव. मला विचारू नकोस, काही आठवू नकोस. दिसलं की थांब."

हेडक्लार्कने चक्र फिरवलं, जरा जास्तच फिरवलं, मग चोराच्या पावलांनी मागे आणलं. हात थांबला. काखेतली टोपी वाऱ्याने उडाली तरी त्याने मान वळवली नाही.

"अरे," तो अगदी हळू म्हणाला, "हा तर झोपलाय."

"मग काय तुझ्यासाठी कवायत करेल?" चष्मेवाला खेकसला, आणि आपली सही करायला त्याने वही ओढून घेतली.