बोटीची बॅग भरताना

बॅग भरताना जे आठवणीनं भरलं, त्याचं पुढं कुणी नाव काढत नाही. जे राहून गेलं, त्याचे मात्र किस्से होतात. आमच्याकडं असे किस्से इतके साठलेत की त्यांचीच एक बॅग होईल, आणि ती विमानाच्या वजनात बसायची नाही.

आमच्याकडं म्हणजे तीन घरांत. एक कोल्हापुरात, मंगळवार पेठेतलं माझं. आमचे हे क्रूझवर, म्हणजे परदेशी पाहुण्यांना समुद्रावर फिरवून आणणाऱ्या मोठ्या बोटीवर, बेकरीत कामाला होते. दुसरं शालनचं. ती गडहिंग्लजकडची, तिचा नवरा त्याच बोटीवर लाँड्रीत. तिसरं सुमनताईंचं. त्या शाळेत शिक्षिका, आणि त्यांचा मुलगा आनंद बोटीवर प्रवाशांच्या खोल्या बघायचा. एकदा बोटीवर गेलेला माणूस नऊ-दहा महिने परत येत नाही. म्हणून कुणाचीही निघायची वेळ आली की आम्ही तिघी त्या घरी जमायचो आणि बॅग भरायचो. भरून झाली की तिघी मिळून तिच्यावर बसायचो, तेव्हा कुठं चेन लागायची.

माझ्या घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक समुद्रावर. हे पहिल्यांदा निघाले ती त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. तेव्हा मी सोळा सोमवार धरले. सुखरूप परत येऊ देत, एवढंच मागणं. सोळा पुरे झाले, हेही आले. उद्यापन तेवढं राहिलं.

गुरुजी म्हणाले, "उद्यापनाला जोडीनं बसायचं."

आणि जोडी जमेना. पहिल्या सुट्टीत भावकीत सुतक आलं. दुसरी सुट्टी नणंदेच्या लग्नात गेली. तिसऱ्या वेळी कंपनीनं पंधरा दिवस आधीच बोलावून घेतलं. उद्यापन होईपर्यंत सोमवार सोडायचे नाहीत असं मी मनाशी ठरवलेलं. ते चालूच राहिले.

शालन म्हणायची, "तिकडं कैलासावर शंकर पार्वतीला म्हणत आसंल, त्या कोल्हापूरच्या बाईला कुणीतरी जेवाय घाला की."

शेवटी गुरुजींनाच दया आली. म्हणाले, "वहिनी, यजमान परगावी असले तर शेजारच्या पाटावर त्यांचं उपरणं ठेवून चालतं."

मी म्हटलं, "गुरुजी, उपरणं तर रोज घरीच असतंय."

*

पहिल्या बॅगेत मी काय नव्हतं भरलं? चिवडा, लोणचं, घोंगडी, अंबाबाईचा फोटो, अंगारा, झंडू बाम. बेकरीत काम करणाऱ्या माणसाला मी दोन डबे शंकरपाळीसुद्धा दिली होती.

दीड महिन्यानं पत्र आलं. "सगळं पोचलं. नेलकटर नाही."

बोटीवर स्वयंपाकातल्या माणसांची नखं रोज तपासतात म्हणे. सहा मजली केक करणारी बोट, पण विकत नेलकटर मिळेना. खोलीतल्या फिलिपिनो सोबत्याकडं एक होतं, आणि दोघांच्या पाळ्या अशा की गाठ पडायची आठवड्यातून एकच दिवस. शनिवार.

आता शनिवारी नखं कापायची नाहीत, हे मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात यांना सांगितलेलं, आणि यांनी ते इतकी वर्षं पाळलेलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "तुझा शनी एवढ्या पाण्यात उतरत नसणार असं धरून कापली. रागावू नको."

मी रागावले नाही. सोमवारच्या जोडीला चार शनिवार धरले, एवढंच.

*

बोटीवरच्या नोकरांच्या खोल्या पाण्याच्या पातळीखाली असतात. खिडकी नाही. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. म्हणून शालननं नवऱ्याच्या बॅगेत आठवणीनं गजराचं घड्याळ घातलं. चांगलं काट्याचं, चावीचं.

त्यांची कामावर जायची वेळ सकाळी सहाची. दुसऱ्याच दिवशी पठ्ठ्या जागा झाला, घड्याळात बघतो तर पावणेसहा. दाढी केली, आंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि लाँड्रीत जाऊन उभा राहिला. तिथं सगळी माणसं काम आटोपून निघालेली. मुकादमानं विचारलं, "तुझी पाळी संपून चार तास झाले, आता परत कशाला आलास?" संध्याकाळचे सहा वाजले होते.

पुढच्या खेपेला चोवीस तासांचं घड्याळ घ्यायला मी आणि शालन महाद्वार रोडवर फिरलो. दुकानदारानं सात-आठ घड्याळं दाखवली. सगळी बाराच तासांची.

शालन म्हणाली, "चोवीस तासांचं पाहिजे हो."

तो म्हणाला, "का वैनी, बारा तासांत भागत न्हाय व्हय तुमचं?"

शालन तोंडाला पदर लावून हसत सुटली. मीही हसले. माझ्याकडं तर बारासुद्धा सरता सरत नव्हते, पण ते दुकानदाराला काय सांगायचं.

*

अंबाबाईचा फोटो लावायला मी एक खिळा दिला होता. यांचं पत्र आलं, "खोलीच्या भिंती लोखंडाच्या आहेत. खिळा ठोकला तर कॅप्टन मला ठोकेल."

फोटो दोन वर्षं उशीखाली राहिला. देवीला असं निजवून ठेवलेलं माझ्या जिवाला लागलं. शालनचा भाऊ शिरोली एमआयडीसीत कामाला. त्याला विचारलं तर म्हणाला, "लोखंडाची भिंत हाय न्हवं? मग लोहचुंबक की." आणि दुसऱ्या दिवशी चार चुंबकं घेऊन आला. एकेक भाकरीच्या गोळ्याएवढं. मी म्हटलं, "अरे, फोटो लावायचाय, म्हैस नाही."

"आसूं दे वैनी. वादळात बी देवी हलाय नको."

बॅग भरली, चेन लागली, हे गेले. बोटीवर जाऊन बॅग उघडली तर आत सामान नव्हतं, एकच गोळा होता. स्टीलचा डबा, कात्री, चमचे, नेलकटर, दाढीचं सामान, सगळं चारी चुंबकांना गच्च चिकटलेलं. ते सोडवायला यांनी आणि दोन सोबत्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. पण फोटो लागला. नंतर एकदा समुद्र इतका खवळला की खोलीतली कपाटं उघडून कपडे खाली आले. देवी जागची हलली नाही. हे यांनी दोनदा लिहिलं. खरं खोटं तीच जाणे, मी मात्र पत्र घेऊन देवळात जाऊन आले.

*

सुमनताईंची भरायची तऱ्हा वेगळी. त्या बौद्ध, व्रत नाही, अंगारा नाही. त्यांचा भर कागदांवर. पासपोर्टची झेरॉक्स तीन ठिकाणी, चष्म्याचा नंबर डायरीत, आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत. मोठी बॅग मागं राहिली तर? शालन त्यांना चिडवायची, "ताई, तुमी तर भांडायच्या तयारीनंच भरताय की."

त्या वर्षी हे आणि आनंद एकाच दिवशी निघाले. विमान बदलताना दोघांच्याही मोठ्या बॅगा मागं राहिल्या, आणि बोट काही बॅगांसाठी थांबत नाही. आनंदनं हातातल्या पिशवीतून धुतलेला शर्ट काढून घातला. आमच्या यांच्या हातातल्या पिशवीत होतं काय, तर तीर्थाची बाटली, चुरम्याचा प्रसाद आणि नारळ.

हे पावणेसहा फूट. सोबतीचा फिलिपिनो पाच फूट एक. त्याची पँट घालून हे अकरा दिवस वावरले. हात पाठीमागं बांधून चालायचे म्हणे, म्हणजे लोकांना मुद्दाम आखूड शिवलीय असं वाटावं.

सुमनताईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "वहिनी, देवाला तुम्ही सगळं सांगता. कपड्यांचा एक जोड हातात ठेवा, हे एवढं भाऊजींना सांगायचं राहिलं बघा."

*

मोबाईल यायच्या आधी हे बंदरावरून फोन करायचे, तो शेजारच्या घरी यायचा. तीन मिनिटं. एकदा पत्रानं कळवलं होतं, रविवारी दहाला करतो. मी नऊपासून जाऊन बसले. पुढच्या सुट्टीतले चार सोमवार पंचांगात बघून चिठ्ठीवर लिहिले होते. यातला एक तरी धरा, एवढंच बोलायचं होतं. शेजारणीनं दोनदा चहा केला. तिच्या घरची जेवणं व्हायला लागली, मी भिंतीकडं तोंड करून बसले. साडेबाराला फोन वाजला.

"बरी हाईस न्हवं? ऐक, सेफ्टीपिना पाठव."

बोटीवर जेवणाचा मोठा समारंभ होता आणि एका मेमसाहेबांच्या झग्याचा खांद्यावरचा पट्टा तुटला. आनंद साऱ्या बोटीभर हिंडला, एक पिन मिळाली नाही. शेवटी ऑफिसातलं स्टेपलर आणून भागवलं. हे सगळं सांगेपर्यंत तीन मिनिटं झाली.

घरी आले, बांगड्यांतल्या आणि मंगळसूत्राला अडकवलेल्या सगळ्या पिना काढल्या, त्याच चिठ्ठीत गुंडाळल्या आणि पाकीट पोस्टात टाकलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. "पिना लई उपयोगी पडल्या. चिठ्ठीला गंज लागून तारखा वाचता येत नाहीत. परत लिहून पाठव."

मी लिहून पाठवल्या. तोवर सुट्टी पुढं गेली होती आणि त्यातले दोन सोमवार हुकले होते.

*

पुढं हे बेकरीचे मुख्य झाले. मुख्यांना बायकोला आठ दिवस बोटीवर नेता येतं. आणि दहाएक वर्षांनी पहिल्यांदाच बॅग भरायची होती ती माझी.

त्या दोघींनी मला हात लावू दिला नाही. जमलेलं सगळं शहाणपण त्यांनी त्या बॅगेत ओतलं. कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटे, पोटात ढवळलं तर आलेपाक, बॅटरी, डेकवर थंडी वाजली तर शाल, हातातल्या पिशवीत एक जोड आणि तीन झेरॉक्स. मी फक्त देवाचं घेतलं. छोटी पितळी पिंड, बेल, अक्षता. बेल शिळा होत नाही. त्या आठ दिवसांत एक सोमवार येत होता. ते मी कुणाला बोलले नाही, पण शालननं ओळखलं. स्टँडवर माझ्या हातावर दही घालताना म्हणाली, "बसवच आता त्यास्नी."

सिंगापूरहून बोट सुटली. एवढी मोठी की मला दोनदा आमची खोलीच सापडेना. हे पहाटे तीनला कामावर जायचे. दुपारी येऊन दोन घास खायचे, पडायचे आणि परत जायचे. मी डेकवरच्या खुर्चीत शाल पांघरून बसायची. सगळीकडं जोड्याच जोड्या. एका म्हाताऱ्या मेमसाहेबांनी खुणेनं विचारलं, नवरा कुठाय? मी बोटानं खाली दाखवलं. त्यांनी समुद्राकडं बघितलं आणि माझा हात हातात घेऊन डोळे पुसले. मला इंग्रजीत समजावून सांगता येईना. पुढं रोज त्या मला एक संत्रं आणून द्यायच्या.

सोमवारी यांना चार ते साडेसहा सुट्टी होती. यांनी स्वतःच्या हातानं, बोटीच्या भट्टीत, गव्हाचा रोट भाजून चुरमा केला. गूळ मी नेला होता. चारला खोलीत आले, आंघोळ केली, सोवळं म्हणून धुतलेला टॉवेल नेसले. बोटीवर काडी ओढायची बंदी, म्हणून यांनी पलंगावरचा दिवा पिंडीवर येईल असा वळवला. जमिनीवर दोन टॉवेल अंथरून आम्ही शेजारी शेजारी बसलो. बेल वाहिला. आता कहाणी वाचायची, म्हणून मी पोथी घ्यायला बॅगेत हात घातला.

पोथी कोल्हापुरात. निघायच्या दिवशी सकाळी वाचून मीच देव्हाऱ्यात ठेवली होती.

हे म्हणाले, "पाठ हाय न्हवं तुला? मग सांग की. मी ऐकतो."

मी यांच्या हातावर अक्षता दिल्या. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, संपली की त्या देवाला वाहायच्या, म्हणजे उद्यापन झालं. हे मांडी घालून, डोळे मिटून बसले. मी सुरू केलं. शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसलेत, तिथवर आले असेन, तोवर यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

मी थांबले नाही. हळू आवाजात सांगत राहिले. संपत आली तसं लक्षात आलं, शेवट केला तर अक्षता वाहायला यांना उठवायला लागणार. पहाटे तीनपासून उभा राहिलेला माणूस. मी शेवटाआधी एक श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा संपत आली तेव्हा सव्वासहा झाले होते. हे सवयीनं आपोआपच जागे झाले, ताठ बसले आणि आपल्या मुठीकडं बघितलं.

"झाली?"

"आत्ताच झाली," मी म्हटलं.

यांनी अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, चुरम्याचा घास माझ्या हातावर ठेवला. मग कामाचा अंगरखा चढवत म्हणाले, "केवढी लांब हाय गं ही कहाणी. तरीच तुला एवढी वर्षं लागली."