कानतुट्या कशाला घाबरतो

माझी ताई आयुष्यभर लोकांच्या अंगणात नाक खुपसत आली, आणि त्याचाच तिला पगार मिळायचा. जनावराचे हाल होतायत अशी तक्रार आली की व्हॅन घेऊन जायचं, मालकाशी हुज्जत घालायची आणि जनावर सोडवून निवाऱ्यात आणायचं, हे तिचं काम. भाऊजी म्हणायचे, "माझ्याशी बोलताना हिचा आवाज चढतो, आणि चावऱ्या कुत्र्याशी बोलताना नुसती साखर!"

खोटं नव्हतं. घाबरलेल्या कुत्र्याला ती कधी ओढत नसे. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि तो आपणहून जवळ येईपर्यंत ढिम्म हलायची नाही. शिवाय तिचा एक हट्ट होता. कुत्रा नव्या घरी देताना तो कशाला घाबरतो ते ती स्वतः सांगायची. झाडूला, हेल्मेटला, भांडी पडल्याच्या आवाजाला. नेणाऱ्यांनी ते तिच्यासमोर परत म्हणून दाखवलं, की मगच पट्टा त्यांच्या हातात.

मग टीव्हीवाले आले. प्राणी सोडवणाऱ्यांवर त्यांचा रिअॅलिटी शो होता आणि एक भाग ताईवर करायचा होता. ताईने नवा शर्ट घेतला, केस कापून आली. मी चिडवलं तर म्हणाली, "गप गं, प्राण्यांसाठी करतेय." प्राण्यांसाठी केस कापणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

शूटिंगच्या दिवशी ते गेले तिथे एका बंद गॅरेजच्या मागे एक कुत्रा बांधलेला होता. एक कान अर्धा तुटलेला, म्हणून तो कानतुट्या. मालक त्याला तसाच टाकून निघून गेला होता, साखळी मानेत रुतली होती. ताई पाठ करून बसली. बऱ्याच वेळाने त्याने येऊन तिच्या पाठीला डोकं टेकलं. तिने साखळी काढली आणि तो तिच्या मागोमाग व्हॅनपर्यंत शेपूट हलवत आला.

"झकास!" दिग्दर्शक म्हणाला. "फक्त ताई, कॅमेऱ्यासमोर मध्येच आमचा माणूस आला. एकदा परत करूया? त्याला जागेवर बांधा, दोन मिनिटांचं काम."

एरवी ताई भल्याभल्यांना फाडून खाते. पण तिथे सगळे तिच्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि ते कौतुक तिला हवं होतं. तिने हाक मारली. कानतुट्या लगेच आला, आणि तिने स्वतःच्या हाताने साखळी त्याच्या गळ्यात परत अडकवली.

दुसऱ्यांदा तो आला नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसला. उजेड जायला लागला, तेव्हा तिनेच फास लावलेल्या काठीने त्याला ओढून काढलं. टीव्हीवर तेच दाखवलं, वर रडवणारं संगीत. आमच्या घरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिथेच तिने मला सगळं सांगितलं. "मेल्याहून मेल्यासारखं झालंय गं," म्हणाली. मला तिचा राग आला, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं.

कानतुट्याला घरी आणायचं तिने ठरवलं होतं. भाऊजींनी गॅलरीतला पसारा काढून त्याची जागाही केली. निवाऱ्यात तो झाडूवाल्या बाईच्या हातून खायला लागला, कुणाच्याही पायात लोळायला लागला. ताई दिसली की मात्र थरथरत भिंतीकडे तोंड करायचा. ती रोज त्याच्या पिंजऱ्यापाशी पाठ करून बसायची. तो आला नाही.

शेवटी एका नवरा-बायकोने त्याला मागितलं. द्यायच्या दिवशी मीही गेले होते. पट्टा झाडूवाल्या बाईने धरला होता, ताई लांब दारात उभी होती.

"तुम्ही टीव्हीवरच्या ना?" बायको हरखून म्हणाली. "याला तुम्हीच सोडवलंत! बरं, हा कशाला घाबरतो?"

"मला," ताई म्हणाली.

दोघं हसले. ताईचा चेहरा लाल झाला होता.

"हसू नका. मी त्याला सोडवून परत बांधलं होतं, शूटिंगसाठी. आता म्हणून दाखवा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"तुम्हाला घाबरतो," ती हळूच म्हणाली.

तेव्हा ताईने पट्टा द्यायची खूण केली, आणि त्याला बाहेर जाता यावं म्हणून ती दारातून बाजूला झाली.