दादाच्या वहाणा

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही सायन्सचा. अंगात येणं, भुतंखेतं... यावरून मी गावात सगळ्यांशी भांडलेलो आहे. पण हे माझ्यासमोर घडलं, म्हणून लिहितोय.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. आमचं गाव माढ्याजवळ. मला सोलापूरला कॉलेजात घालणारा माझा थोरला भाऊ, दादा, गावी शेती बघायचा. कडब्याची गंजी रचताना तो वरून डोक्यावर पडला. लोकांनी धावत येऊन त्याला बसतं केलं, पाणी पाजलं — पडलेल्या माणसाला तेव्हा आमच्याकडे असंच करत. मग बैलगाडीतून, पुढे ट्रकने सोलापूरच्या दवाखान्यात.

मानेचा मणका मोडला होता, आतल्या मज्जारज्जूला मार बसला होता. डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचून विचारलं, “कळतंय का?”

“कुटं?” दादा म्हणाला.

हात थोडे हलायचे. छातीखाली काहीच नाही.

आई म्हशीसाठी गावी गेली होती. दुपारी मी दादाला पेज भरवत होतो, तेवढ्यात तो एकदम हसला.

“आये, हळू की! तळपायाला गुदगुल्या हुत्यात.”

“दादा, आई गावाला हाय.”

“मग पाय कोण चोळतंय?”

मी चादर उचलली. कुणी नव्हतं. मी स्वतः त्याचा अंगठा दाबला — त्याला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, असे भास होतात. मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी आई भाकरी घेऊन आली. आम्ही काही बोलायच्या आत दादाला म्हणाली, “काल दुपारी तुज्या वहाणांना येरंडेल चोळलं बग. लई वाळल्या हुत्या. घरी आलास की चावायच्या.”

“कवा? दुपारी?” दादाने विचारलं.

दादा घरी आला, पण उभा राहिला नाही. आई तरी वहाणांना तेल लावायचीच, मागे परसात, त्याला दिसणार नाही अशा जागी. आणि आतून बाजेवरून हाक यायची, “आये, टाचंला अजून जरा!”

शेजारीण चेष्टा करायची, “पोरगं चालंना, आन् वहाणा चकाचक!”

“चालंल की,” आई म्हणायची.

आई वारल्यावर एकदा सुट्टीत गावी गेलो, तर वहाणा कडक होऊन कोनाड्यात पडलेल्या. दादाला न सांगता परसात नेल्या आणि तेल चोळायला लागलो.

“कोण हाय रं?” आतून आवाज आला. “तुजा हात लई जड हाय, बाबा... पर चोळ.”

मज्जारज्जूबद्दल मिळेल ते वाचलं. याचं उत्तर कुठेच सापडलं नाही. आता दादाही नाही. वहाणा माझ्याकडे आहेत. उन्हाळा लागला की तेल लावतो — हलक्या हाताने.