रुळांना तेल लावणारी बाई

रुळांना मी तेल लावलं. स्वतःच्या हातानं, जुन्या धोतराच्या बोळ्यानं, दोन्ही रुळांना, डाव्याला जरा जास्तच. नातवंडांना हे सांगितलं की ती हसत नाहीत, कारण यात चूक काय तेच त्यांना कळत नाही. "गाडीला तेल लागतंच ना, आजी," असं धाकटी म्हणते. तिचा तो शहाणा चेहरा बघून मला माझा तेव्हाचा चेहरा आठवतो. मलाही अगदी असंच वाटलं होतं, आणि मी तर बी.ए. झालेली होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी नागभीड आणि मूलच्या मधल्या एका गावात आले. गावाच्या कडेला सागवानाचा जुना लाकूड डेपो होता. एकेकाळी जंगलातून ओंडके आणायला डेपोची स्वतःची छोटी लाईन होती, एक इंजिन होतं आणि मजुरांची ने-आण करायला एक लाकडी डबा होता. पुढे ट्रक आले. जंगलातले रूळ उखडून नेले. उरले ते डेपोच्या आवारातले, हाक मारली तर ऐकू जाईल एवढेच रूळ, आणि शेडमध्ये गंजत पडलेलं इंजिन. डब्यात चौकीदाराच्या शेळ्या राहायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "चाल, तुले दाखवतो आपलं काम." त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. मला वाटलं देवदर्शनाला नेतायत. मी लग्नातली हिरवी साडी नेसले, गजरा माळला, ताटात हळदकुंकू घेतलं. शेडमध्ये पोचले तर समोर काळंकुट्ट इंजिन, त्याच्या पोटाखालून बाहेर आलेले दोन पाय, आणि एका बाजूला पोस्टमास्तर बनियनवर बसून बोल्ट रॉकेलमध्ये बुचकळतायत. पोटाखालचे पाय म्हणाले, "कोण आलं?"

आक्का म्हणाल्या, "आमची भावजय. पूजा कराले आली."

"करू द्या. कोणाची तरी कृपा लागनच."

ते पाय डायवरभाऊंचे. हे इंजिन त्यांनी जंगलात चालवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनीच गावातली माणसं गोळा केली. पोस्टमास्तर, शाळेतले गुरुजी, एक शिंपी, धानाची शेती करणारे दोन भाऊ, आणि आक्का व त्यांच्या मैत्रिणी. पगार कुणाला नाही, हुकूम कुणाचा नाही. रविवार आला की जेवणाचा डबा बांधून सगळे शेडमध्ये.

भाऊ बोलायला एक नंबर. लाईनीवर त्यांना एकदा वाघ दिसला होता. मी आले तेव्हा तो वाघ रुळाच्या कडेला बसलेला होता. दिवाळीपर्यंत तो रुळावर येऊन झोपला, आणि संक्रांतीला भाऊंनी त्याला शिट्टी मारून उठवलं. गुरुजी म्हणाले, "होळीले तो तिकीट काढून डब्यात बसते की नाई, पाहा."

पण एक गोष्ट ते हसत सांगायचे नाहीत. मुलगा भिलाईला होता आणि तिकडे बोलावत होता. "दुसऱ्या माळ्यावर घर हाय त्याचं," भाऊ म्हणायचे. "तिथी मी का करू? गॅलरीत उभा राहून शिट्टी मारू?" डेपो बंद होणार होता आणि उरलेलं लोखंड भंगारात जाणार होतं. भाऊंनी खेटे घालून घालून डेपोच्या साहेबांकडून एक शब्द मिळवला होता. इंजिन आपल्या वाफेवर डबा ओढत लाईनीच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं, तर इंजिन, डबा आणि शेड गावाला ठेवायला मिळेल आणि भाऊ त्याची राखण करतील. नाही तर भंगारवाला. भाऊंनी मुलालाही तेच कळवलं होतं. चाललं तर मी इथंच, नाही तर तुझ्याकडे येतो.

आम्हा बायकांकडे तो लाकडी डबा होता. शेळ्या बाहेर काढल्या, शेळ्यांचा वास मात्र निघेना. रंगाचे थर काचेच्या तुकड्यानं खरवडायचे. हिरव्याखाली लाल, लालखाली पुन्हा हिरवा. मी पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं. आक्का म्हणाल्या, "काच हातात धर, बाई. हात काचेत नोको धरू." मग हळूहळू जमलं. रंगाखालून सागाची रेघ वर आली की आम्ही सगळ्या वाकून बघायचो, जशी नव्या बाळाची जावळं बघतात. खरवडून झालं की जवसाचं तेल चोळायचं. ते काम आक्कांनी मला दिलं, कारण त्यात कापण्यासारखं काही नव्हतं. डबाभर तेल माझ्या ताब्यात आलं आणि मला वाटलं, आता मी या मंडळाची मुख्य कारागीर.

साहेब यायचे तो रविवार उजाडला. मोहाची फुलं गळत होती, शेडमागं सगळीकडे गोड आंबूस वास. आदल्या दिवशी भाऊंनी जाळ करून वाफ धरून पाहिली होती. सकाळपासून पुन्हा लाकडं घालत होते. इंजिन गरम होऊन आतून गुरगुरायला लागलं होतं. सगळे आत त्याच्याभोवती. शेडच्या दाराबाहेर मी एकटी, आणि माझ्या हातात तेलाचा डबा.

आमच्या माहेरी कुणी फार दिवसांनी घरी आलं की दाराच्या दोन्ही बाजूंना तेल घालत. थेंबभर, शकुनाचं. मला वाटलं, हे इंजिन इतक्या वर्षांनी दाराबाहेर पाऊल टाकणार, त्याचं कुणी काहीच करत नाही. मी दाराच्या दोन्ही बाजूंना आणि मधल्या रुळांवर थेंब थेंब घातलं. तिथं थांबले असते तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण थेंब पडला तेवढाच रूळ काळा चकचकीत झाला आणि पुढचा गंजलेला, लालभडक दिसायला लागला. साहेब येणार, आणि असा रूळ? मी बोळा घेतला आणि चोळत चोळत पुढे निघाले. वाटलं, गाडीही कशी सुळसुळ जाईल. डबा रिकामा झाला तेव्हा मी मागं वळून पाहिलं. उन्हात दोन्ही रूळ नव्या नवरीच्या भांगासारखे चमकत होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

साहेब जीपनं आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. शेडची दारं उघडली. भाऊंनी हँडल ओढलं, इंजिननं मोठा श्वास सोडला आणि डब्याला घेऊन पुढे सरकलं. दारातून तोंड बाहेर काढलं. पुढची चाकं माझ्या रुळावर आली, मागची आली, आणि तिथं ते थांबलं.

थांबलं म्हणजे इंजिन थांबलं, चाकं नाही. चाकं गरागरा फिरत होती आणि इंजिन तसूभर हलत नव्हतं. भाऊंनी वाफ बंद केली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. मागं-पुढं करून पाहिलं. धूर, वाफ, आवाज सगळं होतं, फक्त जाणं नव्हतं.

भाऊ खाली उतरले. गुरुजी म्हणाले, "जोर कमी पडून राह्यला का तिचा?"

"तिचा नाई," भाऊ म्हणाले. "तिच्यात हाय जोर. माह्याच हाताले राह्यला नाई. कसं सोडाचं, किती सोडाचं, समजूनच नाई राह्यलं."

साहेब जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय झालं की होतं असं, भाऊ. एवढं केलंत हेच पुष्कळ आहे. मुलाकडे आराम करा आता."

भाऊंनी मान हलवली. हो म्हणून हलवली.

आणि त्याच वेळी माझ्या नाकात जवसाच्या चटणीचा करपट वास शिरला. मी चाकाकडे पाहिलं. चाकाखाली तेलाचा निळसर धूर होता. मग रुळाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बोळ्याकडे. तो मी अजून धरून उभी होते, जणू साहेब बक्षीस द्यायला हाक मारतील. कुणी पाहिलं नव्हतं. बोळा पदराखाली सरकवायला एक क्षण पुरला असता, आणि खरं सांगते, हात थोडा सरकलाही. पण भाऊ आपले तळवे उलटसुलट करून बघत होते. ते बघवेना.

"भाऊ, रुळाला तेल आहे," मी म्हणाले.

"कायचं तेल?"

"जवसाचं."

"रुळाले जवसाचं तेल कोणं लावलं?"

"मी."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. "काऊन?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की ते रागावले आहेत का तेच कळेना.

"शकुन म्हणून."

आक्का पुढे आल्या. "शकुनाचं तेल घरात येणाऱ्याले घालतेत. हे बाहेर चाललं होतं." मग तेलाच्या डब्यात डोकावून पाहिलं. "सारं संपवलं? अवं, पायलवानाले बी कोणी इतकं तेल नाई चोळत."

आधी शिंपी हसले, मग गुरुजी. भाऊ मात्र रुळाशी उकिडवे बसले. बोट फिरवलं, नाकाशी नेलं, पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ सरळ होत गेलेली दिसली. उठून ते म्हणाले, "साहेब, चहा घ्या. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आक्कांनी त्यांना घड्याळासकट डब्यात नेऊन बसवलं आणि हातात कपबशी दिली. त्या बाकाला मी आदल्याच दिवशी तेल चोळलं होतं, आणि माझा हात किती सढळ ते आता तुम्हाला ठाऊक आहे. ते वाळलं नव्हतं. मला हे आठवलं तेव्हा साहेब बसून झाले होते. एका दिवशी एवढं कबूल केलं ते पुरे, असं म्हणून मी गप्प बसले.

आक्कांनी पदर खोचला. "राख आना. तनस आना." आदल्या दिवशीच्या जाळाची राख शेडमागं ढिगानं पडली होती, आणि धानाचं तणस, म्हणजे पेंढा, चौकीदाराच्या शेळ्यांपुढून ओढून आणलं. बायका दोन रांगांनी रुळाशी बसल्या आणि जेवणावळीची तेलकट पातेली घासावीत तसे रूळ घासायला लागल्या. राख टाकायची, तणसानं रगडायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा राख. पोस्टमास्तरांनी घरी कधी स्वतःचं ताटही उचललं नव्हतं. तेही बसले. आक्का त्यांना म्हणाल्या, "असं गोंजारू नका मास्तर, रगडा. घरी कळवतो मी, तुम्हाले येते म्हणून." भाऊ तेवढ्यात चाकं पुसत होते. मी सगळ्यात पुढे, टोकाच्या बाजूनं, मान वर न करता.

"सरका सारे," भाऊ म्हणाले आणि वर चढले.

चाकं एकदा कुरकुरली. अर्धा वेढा घसरली. मग त्यांनी रूळ धरला. इंजिन डब्याला घेऊन दाराबाहेर आलं, आमच्या राखेनं माखलेल्या हातांसमोरून गेलं. वर भाऊ इतके मन लावून चालवत होते की शिट्टी विसरले. आक्का ओरडल्या, "भाऊ, शिट्टी कोण वाजवीन, तुमचा वाघ?" तेव्हा कुठे शिट्टी झाली, आणि मोहाच्या झाडावरचे सगळे पोपट उडाले. टोकापर्यंत गेलं, थांबलं, मागं मागं येत शेडच्या दारात उभं राहिलं.

साहेब डब्यातून बोलले, "ठीक आहे. राहू द्या इथंच." मग उठायला गेले आणि चर्र असा आवाज झाला. त्यांनी मागं वळून बाकाकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनी इंजिनाकडे पाहिलं. त्या पँटचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

सगळे पांगले. मी नळावर कोपरापर्यंतची राख धूत होते. भाऊ हात धुवायला आले. मी बाजूला झाले, माफीचं एक लांबलचक वाक्य तयार केलं होतं, पण त्यांनी सुरूच करू दिलं नाही. हात धुतले, धोतराला पुसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बोलल्या नसत्या तं मी भिलाईले जाऊन मरेपर्यंत हेच समजलो असतो, का माह्या हातातलं गेलं. आता पुढच्या रविवारी या, तुमाले वाफ कशी सोडाची ते शिकवतो, तेलापासून दूर तं राहान."