बेसा ते मिहान, व्हाया आत्याबाई

रस्त्यावरून चाकांवर जे जे काही धावतं ते मुळात आपल्यालाच पोचवायला निघालेलं असतं, ही श्रद्धा माझ्या बायकोच्या आत्याइतकी अढळ मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. गाडी कुणाची, चालली कुठे, आत माणसं आहेत की कोंबड्या, हे प्रश्न त्यांना गौण वाटतात. त्या कडेला उभ्या राहून हात वर करतात आणि गाडी थांबते. उमरेडला त्यांच्या घरी हातमाग होते. ते बंद पडले, पुढे यजमान गेले, आणि आत्याबाई आमच्याकडे बेसाला चार दिवस म्हणून आल्या. ते चार दिवस अजून सुरू आहेत, आणि संपू नयेत अशी आता माझीच इच्छा आहे.

बेसाला आम्ही फ्लॅट घेतला तो बिल्डरच्या रंगीत कागदावर 'शहर हाकेच्या अंतरावर' असं लिहिलं होतं म्हणून. राहायला आल्यावर हाका पुष्कळ मारल्या, शहराने ओ दिली नाही. बस होती, पण सणावारासारखी. येणार हे नक्की, कधी ते पंचांग बघितल्याशिवाय सांगता येत नसे. स्कूटर मी एकदा शिकलो होतो. शिकलो म्हणजे, टोमॅटोच्या एका हातगाडीपर्यंत नेली होती. त्यामुळे धरमपेठेतल्या ऑफिसला जायला मी रोज थांब्यावर उभा असे, आणि चेहरा असा करत असे की पाहणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांना उभं राहण्याची आवडच आहे. लिफ्ट मागणं मला कमीपणाचं वाटे. अगदीच नाइलाज झाला तर हात वर करायचो, पण तो कानापर्यंत जाऊन अडायचा आणि लोकांना वाटायचं माणूस फोनवर बोलतोय. एक मोटारसायकलवाला थांबला खरा. त्याने मलाच पत्ता विचारला, मी नीट समजावून सांगितला, आणि तो आभार मानून माझ्याच ऑफिसच्या दिशेने एकटा निघून गेला.

अशा वेळी समोरून दुधाची गाडी जायची आणि ड्रायव्हरशेजारून आत्याबाई ओरडायच्या, "जावईबापू, तुमी अजून इथंच?"

त्या कशाकशातून हिंडल्या याला गणती नाही. बँडवाल्यांच्या गाडीतून आल्या तेव्हा मांडीवर ढोल होता. मोटार शिकवणाऱ्यांची गाडीही त्यांनी थांबवली. शिकाऊ मुलगी घाबरून थांबली आणि शिकवणारा काही बोलायच्या आत आत्याबाई मागे बसून, "भिऊ नको वं, मी हाओ ना," म्हणून मोकळ्या झाल्या. ती मुलगी त्यांना थेट देवळापर्यंत सोडून आली, आणि शिकवणाऱ्याचं म्हणणं असं की तिने गिअर नीट टाकला तो त्याच दिवशी. एकदा तर शववाहिनीतून उतरल्या. मी हबकून पाहत राहिलो तर म्हणाल्या, "रिकामी होती ना बाप्पा. भरली असती तं बसले असते का मी?" गाडीत बसलं की गाव कोणतं, लेकरं किती, आज डब्यात काय, इथून सुरुवात. मी बेसात इतकी वर्षं राहून चार माणसांना ओळखतो, त्यातली तिघं घरचीच. आत्याबाईंना रस्ताच ओळखतो.

मग आमच्या लेकीची, रेवाची, मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखत ठरली. मिहानचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसतात, पण दिसणं आणि पोचणं यात फरक आहे. बसने जायचं तर आधी उलट्या दिशेने शहरात बर्डीला जा, तिथून मेट्रोने परत इकडे या, आणि स्टेशनवर उतरून पुढचं नशिबावर सोडा. रेवाची दुचाकी होती, पण नेमकी त्या सकाळी चालूच होईना. बायको माहेरी गेलेली. फोनवरून बोलावलेला रिक्षावाला मिहानचं नाव ऐकून म्हणाला, "तिकडून वापस येताना सवारी नाही भेटत साहेब," आणि त्याने फोन ठेवला. आम्ही थांब्यावर येऊन उभे राहिलो. रेवाने याच नोकरीसाठी पुण्याची एक सोडली होती, घराजवळ राहायचं म्हणून. तिचे डोळे भरून आले होते आणि मी तिला बर्डीमार्गे जाण्याचे फायदे सांगत होतो.

तेवढ्यात मागून चपला फटफटवत आत्याबाई आल्या. "बाप लेक्चर देऊन राहिला आन् पोट्टी रडून राहिली. सरका तिकडे." त्यांनी हात वर केला आणि लग्नाच्या डेकोरेशनचा एक टेम्पो कचकन थांबला.

"कुठी चालला गा?"

"वर्धा रोडच्या लॉनवर, आजी."

"मंग मिहान वाटेतच आलं. पोट्टीची मुलाखत हाय, ने बरं आमाले."

पुढे रेवा आणि आत्याबाई बसल्या. मला मागे जागा मिळाली. मागे सामान दाटीने भरलेलं होतं आणि बसण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या, स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. एका हाताने कापडी फुलांची कमान धरून मी नवरदेवाच्या खुर्चीत बेसाच्या मुख्य रस्त्याने निघालो. सोसायटीचे सेक्रेटरी दळण घेऊन चालले होते. त्यांनी मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि रीतसर नमस्कार केला. मीही केला. दुसरं काय करणार? शेजारची नवरीची खुर्ची रिकामी होती, ही गोष्ट त्यांनी संध्याकाळपर्यंत सोसायटीभर पोचवली.

कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्याने विचारलं, "डेकोरेशन कोणी मागवलं?" आत्याबाईंनी रेवाला खाली उतरवलं, पदराने तिचा चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "जाय. हसत जाय." ती वेळेवर आत गेली. आम्ही दोघं बाहेर लिंबाच्या सावलीत बसलो. पूर्ण वेळ आत्याबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांनाही धाकधूक होते हे मला तेव्हा कळलं.

रेवाला नोकरी मिळाली. वर्षभरात तिने कार घेतली, आणि मी तिच्या शेजारी पट्टा लावून बसू लागलो, जणू ती मीच घेतली आहे. आत्याबाईंची नजर आता अधू झाली आहे. येणारी गाडी ट्रक आहे की रिक्षा, ते त्यांना आवाजावरून ओळखावं लागतं. परवा त्यांना धरमपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दवाखान्याबाहेर आम्ही रेवाची वाट पाहत उभे होतो, तेव्हा पाण्याचा एक टँकर आपणहून थांबला. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "आत्याबाई, येता का? तिकडेच चाललो."

त्यांनी आवाजाकडे मान वळवली. त्याच्या लेकराचा खोकला बरा झाला का, ते विचारलं. मग म्हणाल्या, "नाही गा, आज आमची गाडी येऊन राहिली." टँकर गेला. त्याचा आवाज पार विरेपर्यंत त्या तिकडेच तोंड करून उभ्या होत्या.

रेवा आली. आत्याबाई मागच्या सीटवर बसल्या, काच वर गेली, आतलं गार वारं सुरू झालं. रेवाने विचारलं, "आत्याआजी, नीट बसलीस ना?"

"बसली वं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जरा सावकाश घे पण. याच्यातून घर लय लवकर येते."