सुतळीच्या मापाची सायकल

सांगू का नको करत चार महिने काढले. पण व्यंकट गावभर रोज सांगायलाय, अन् तेबी तिखटमीठ लावून. त्याच्यापरीस मीच सांगतो. चहा घ्या. मधी हसू नका, मला राग लवकर येतो.

लातूरला बियाणं आणाया गेलतो, तवा दुकानात एक सायकल बघितली. टायर कसलं? माझ्या पोटरीएवढं जाड. म्हणलं, आपल्या काळ्या रानात ही रुतायची न्हाई. घेऊन आलो.

रुतली न्हाई. पण पुढंबी जाईना. चिखल असा बसायचा टायरला की निम्मं रान माझ्यासंगं घरी यायचं. डांबरी रोडवर तर घूं घूं, नुसती पिठाची गिरणी. मी लोह्याच्या डेअरीला दूध घेऊन निघालो की माझा मेहुणा व्यंकट त्याच्या जुन्या, बारीक चाकाच्या सायकलवर शिट्टी वाजवत पुढं.

"दाजी, सायकल चालवायलाव का रोड दाबायलाव?"

पारावर दहा माणसं बसलेली. डोकं सटकलं माझं.

"सोमवारी शर्यत लाव. शाळेपासून फाट्यावरच्या लिंबाला वळसा घालून परत. हरंल त्यानं जिंकणाऱ्याच्या कॅरेजवर बसून गावातून फिरायचं."

"कसं बसायचं?"

"एका अंगाला पाय सोडून. नव्या नवरीवाणी."

हे मीच म्हणलो बरं का. ध्यानात ठेवा.

आता जिंकायचं तर चाकं बारीक पाहिजेत. पण ह्या सायकलीच्या चाकाचा मधला हब एवढा रुंद, की बाजारातलं तयार चाक बसतच न्हाई. जुन्याच हबावर बारीक रिंग घालून तारा विणून घ्याव्या लागत्यात. नांदेडला खाजामियाँ मिस्त्री हे काम करतो.

माप कसं न्यायचं? बैलगाडीच्या चाकाचं आम्ही कसं नेतो? सुतळी लावायची, गाठ मारायची, अन् गाठ लोहाराच्या हातात द्यायची. चाक कोण उचलून नेतंय? मी टायर काढलं, रिंगेला सुतळी लावली, गाठ मारली. मग पक्कडीनं तारा तोडल्या, हब पिशवीत टाकले अन् नांदेड गाठलं.

खाजामियाँनं सुतळी बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"काका, टायर के साथ नापे क्या?"

"रिंग बनवायची हाय, रिंग मोजली."

"जाडा टायर गया तो सायकल नीचे बैठेगी. थोडी बडी रिंग डालूँ?"

"मिस्त्री, माझ्या बापानं जल्मभर गाडीची चाकं केली. तू मला माप शिकवायलास?"

"मैं तो बस पूछ्या."

"पूछू नको. विण. अन् एक कॅरेजबी दे, मेहुण्याला बसवायचंय."

घरी येऊन चाकं अन् कॅरेज बसवलं, बायकोला म्हणलं, कॅरेजवर टाकायला एक गादी शिव.

"माझ्याच भावाला बसवायला मीच गादी शिवू?"

"त्याला टोचू नये म्हणून तर म्हणायलो."

शिवली तिनं. मग सायकलीकडं बघत म्हणली, "अहो, ही खाली बसल्यावाणी दिसायली."

"सोमवारी तुझा भाऊ बसतोय, ते बघ."

तसं माझे दोन्ही पाय आता सीटवरून आरामात टेकायले होते. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगाला एवढी जागा, की कोंबडीनं संसार थाटावा. पण मला वाटलं, माझी तब्येत सुधारली.

सोमवारी निम्मा गाव रोडवर. सायकल काय पळाली, विचारू नका. व्यंकट पार मागं. मी एक हात सोडून, मागं वळून त्याला गादी थोपटून दाखवली.

मग लिंब आला.

वळाया सायकल कलती केली, तसं खालचं पायडल खर्रकन रोडला घासून अडकलं. सायकल तिथंच राहिली, मी न्हाई. मी बाजूच्या सोयाबीनच्या गुळीच्या ढिगात, डोकं खाली.

बैलगाडीच्या चाकाला रबर नसतं. लोखंड मोजलं की चाक मोजलं. हितं जमिनीवर चालत होतं ते रबर, अन् मी मोजलेलं लोखंड. जाड रबर गेलं, सायकल तीन बोटं खाली आली, तिच्यासंगं पायडलबी. हे मला कधी कळलं? नाकात भुसकाट गेल्यावर.

व्यंकट थांबला. बेणं हसलंबी न्हाई. मला पाय धरून वढून काढलं, माझ्या कॅरेजवरली गादी सोडली अन् त्याच्या कॅरेजवर नीट अंथरली.

"बसा दाजी. ताईनं शिवलीय, टोचायची न्हाई."

शाळा, पार, देऊळ, समद्या गावातून फिरलो. एका अंगाला पाय सोडून. देवळापाशी एका म्हातारीनं तर पदर सावरून विचारलं, "व्यंकटा, कोणाला आणलंस रं?"

नवीन चाकं करून आणली, मोठ्या रिंगेची. खाजामियाँनं ह्या खेपेला माप स्वतःच घेतलं, अन् माझी सुतळी माझ्या हातात परत दिली. ती गाठीची सुतळी बायकोनं जपून ठिवलीय, दाराच्या खुंटीला. आता मी घरात आवाज चढवला की ती भांडत न्हाई. उठती, सुतळी काढती, अन् शांतपणे माझ्या डोक्याचं माप घेती.